गोदावरीच्या वाळूंतील शिंपले

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीनें आखून दिली आहे. तिच्या कांठीं, गेवराई तालुक्यांत, राक्षसभुवन हें क्षेत्र आहे. 1763 सालीं थोरल्या माधवरावांनीं निजामाचा पराभव केला तें स्थळ हेंच. शनिदर्शनास येणारी मंडळी पुष्कळ. परंतु वाळवंटांतील शिंपल्यांकडे बाळगोपाळांवांचून कोणाचें लक्ष जात नाहीं. शिंपले समुद्रांत असतात, मग समुद्र इतका दूर असतां हे येथें कसे, असा प्रश्न त्यांनींच आम्हांस केला, आणि तो आम्हांस मोठा मार्मिक वाटला.

शिंपल्यांतील प्राण्याचे मूळ पूर्वज समुद्रांतलेच होत. कोंकणच्या खाडींतील कालव आपलीं अंडीं लाखोंनीं पाण्यांत सोडून मोकळें होतें. पोरकीं पिलें लाटांवर तरंगत वाढतात. गोदेच्या पुरांत हें कसें चालावें? तसलें पोर थेट राजमहेंद्रीच्या वाटेस लागेल! म्हणून नदीच्या शिंपल्याची मादी अंडीं आपल्या कल्ल्यांतच सांभाळते. त्यांतून निघालेलें सूक्ष्म पिलूं जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्यास किंवा पराला घट्ट चिमटा घेतें. माशाची त्वचा त्याजवर वाढते, आंत तें पोसतें, आणि कांहीं दिवसांनीं गळून वाळूंत पडतें. ज्यास पोहतां येत नाहीं तो प्राणी अशा रीतीनें प्रवाहाच्या उलट प्रवास करतो, तोहि फुकट!

नदीच्या खेकड्याची मादी अंडीं पोटाखालीं दुमडलेल्या पट्टींत बाळगते, व त्यांतून तरंगणारीं पिलें न निघतां एकदम चिमुकले खेकडेच बाहेर पडतात. डबक्यांतील मोठी गोगलगाय तर कल्ला आणि फुप्फुस दोन्ही बाळगते. पाणी आटूं लागलें कीं ती चिखलांत शिरून, शंखाचें झांकण लावून, महिनेच्या महिने निजते. बीडच्या उन्हाळ्यास याहून शहाणपणाचें उत्तर आम्हांस तरी सुचत नाहीं.

शिंपल्याचें मात्र कठीण आहे. 1976 सालीं वर पैठणास जायकवाडीचें धरण पुरें झालें. तेव्हांपासून येथील प्रवाह पुष्कळसा सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. त्यांत यंत्रांनीं होणारा वाळूउपसा! वाळूबरोबर शिंपलेहि गाड्यांत भरले जातात, आणि मागें राहिलेल्या खड्ड्यांत मासाच नसला तर पिलानें चिकटावें कोणास? बालवाचकांनीं तेथें गेल्यास मोठ्या टरफलांवर न भुलतां नखाएवढा कोंवळा, जिवंत शिंपला शोधावा आणि पाहून पुन्हां पाण्यांत ठेवावा. तो सांपडला म्हणजे त्या वळणावर मासे नुकतेच येऊन गेले आहेत असें समजावें.