आक्कांचें म्हणणें

तीस-बत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवितांना वृद्धसेवेचा महिमा सांगणारीं किती सुभाषितें आम्हीं मुलांकडून पाठ करून घेतलीं, याची गणती नाहीं. परंतु स्वतःच्या घरांतील वृद्धेचें एक वाक्य समजावयास आम्हांस तीन आठवडे लागले. ती हकीकत सांगण्यास संकोच वाटतो. पण न सांगणें अधिक लाजिरवाणें, म्हणून लिहितों.

आमच्या थोरल्या भगिनी आक्का ७८ वर्षांच्या. गतवर्षीं न्हाणीघरांत पाय घसरून त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रियेनंतर त्यांना अंथरुणावरून हलतां येईना. घरांतील मंडळी नोकरदार. म्हणून कांहीं दिवस त्यांना एका शुश्रूषागृहांत ठेविलें. आमच्या पहिल्याच भेटींत त्या म्हणाल्या, "अरे, मला त्या माणसाच्या हातची अंघोळ नको रे." आम्ही हसलों. सारा जन्म सोवळ्यांत गेलेला, परक्याचा हात चालत नसेल, असें वाटलें. पुढच्या खेपेस त्या बोलल्याच नाहींत. अन्न सुटलें होतें. रात्रीं दिवा मालवूं देत नाहींत, अशी व्यवस्थापकांची तक्रार होती. "वयोमानानें भ्रम होतो," असें ते म्हणाले, आणि आम्हांसहि तें पटलें. भ्रम म्हटला, कीं ऐकून घेणाऱ्याची जबाबदारी संपते!

तिसऱ्या आठवड्यांत आमची सून एकटीच गेली. तिनें दार लोटून घेतलें, मनगटावरचे व मांडीवरचे काळेनिळे वळ पाहिले आणि एवढेंच विचारलें, "आत्या, कोणी त्रास देतें का? तुम्ही सांगाल तें मी खरें मानीन." आक्का रडल्या आणि बोलल्या. तेथील एक सेवक अंघोळीच्या निमित्तानें त्यांची विटंबना करीत होता. सुनेनें त्यांना त्याच दिवशीं घरीं आणलें.

रात्रीं घरांत खल झाला. धाकटे बंधु म्हणाले, "आक्का घरीं आल्या, झालें. आतां वाच्यता कशाला? नातीचें लग्न जमत आहे." क्षणभर आम्हांसहि तें रुचलें, हें कबूल करितों. तेव्हां सून म्हणाली, "अब्रू गेली ती त्याची, आत्यांची कशी गेली? उद्यां त्या खाटेवर दुसरी कोणी असेल, तिचें काय? आणि आधीं आत्यांना तर विचारा." खरेंच, आम्ही सारे आक्कांविषयीं बोलत होतों, आक्कांशीं कोणीच बोललें नव्हतें. विचारतांच त्या म्हणाल्या, "तक्रार करा. मी सांगेन."

त्यांना पोलिस ठाण्यांत उचलून न्यावें लागेल, ही आमची भीति खोटी ठरली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें अशा गुन्ह्यांत स्त्रीची फिर्याद स्त्री-अधिकाऱ्यानें नोंदवावयाची असते. आणि पीडितेस तात्पुरतें कां होईना, अपंगत्व असल्यास ती तिच्या घरीं येऊन. बलात्कारपीडितेस सरकारी वा खासगी कोणत्याहि रुग्णालयानें तत्काळ विनामूल्य उपचार दिलेच पाहिजेत. वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीनेंच व्हावयाची. आणि तिचें नांव प्रसिद्ध करणें हा गुन्हा आहे. आमच्याकडून मात्र एक चूक झाली. घरीं येतांच आक्कांना अंघोळ घालून कपडे धुवून टाकले. पुरावा बहुधा त्यांतच असतो.

खटला चालूं आहे. आक्का अजून रात्रीं दचकून उठतात. समुपदेशक बाईंनीं बजावलें आहे: तीच हकीकत पुनःपुन्हां विचारूं नका; दिवा हवा असेल तर राहूं द्या; अंघोळ केव्हां व कोणाच्या हातची, हें त्यांनाच ठरवूं द्या.

वाचकहो, घरांतील वृद्ध स्त्री, किंवा वृद्ध पुरुषहि, अंघोळीस भिऊं लागला, अंगावर वळ दिसले, एखादें माणूस खोलींत येतांच बोलणें थांबलें, तर भ्रम म्हणण्यापूर्वीं एकांतांत विचारा. स्मृति गेलेल्या माणसाचें भयहि खरें असूं शकतें. कोणाशीं बोलावें हें न सुचल्यास १४५६७ ही ज्येष्ठांसाठींची शासकीय दूरध्वनि-सेवा आहे.

आमच्या घरीं आतां आक्का "नको" म्हणाल्या, कीं लहानथोर सारेच हातांतलें काम थांबवितात. आम्हीहि.