हिरव्या टेस्टची उलटतपासणी

पुल रिक्वेस्ट आली की बहुतेकांचे डोळे आधी मुख्य कोडवर जातात. व्हेरिएबलच्या नावावरून वाद झडतात, फंक्शन लांबलं म्हणून कमेंट पडतात. टेस्टच्या फाइलपर्यंत पोचेस्तोवर जेवणाची वेळ झालेली असते. टेस्ट आहेत ना? हिरव्या आहेत ना? मग अप्रूव्ह. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात महागात पडणारी सवय, असं माझं स्पष्ट मत आहे. कोड चुकला तर टेस्ट बोंब मारेल. टेस्टच चुकली तर बोंब मारणार कोण?

एसटीचं भाडं काढणारं एखादं फंक्शन घ्या. ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात ७५ वर्षांवरच्या प्रवाशांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट. टेस्ट लिहिणारा ४०, ७० आणि ८० ही वयं घेतो. तिन्ही टेस्ट हिरव्या, कव्हरेज शंभर टक्के. तेवढ्यात शेजारचा विचारतो, "आणि आज पंच्याहत्तरी असलेल्या आजोबांचं काय?" कोडमध्ये 'पेक्षा मोठं' आहे की 'मोठं किंवा समान', एवढ्या एका चिन्हाचा प्रश्न. पण त्याचं उत्तर कोडमध्ये नसतंच, ते नियम करणाऱ्याला विचारावं लागतं. शिवाय वय मोजायचं ते तिकीट काढल्याच्या दिवशी की प्रवासाच्या? हे प्रश्न गाडी सुटण्याआधी निघालेले बरे. नाहीतर ते बिचाऱ्या कंडक्टरला झेलावे लागतात.

माझी एक सहकारी टेस्टिंगमध्ये मुरलेली आहे. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "ही टेस्ट लाल झालेली कधी पाहिलीयस का?" उत्तर बहुधा येतं, "नाही गं, पहिल्यापासून हिरवीच आहे." मग ती खुर्ची ओढून शेजारी बसते, कोडमधलं एक चिन्ह मुद्दाम बिघडवते आणि टेस्ट चालवायला सांगते. तरीही सगळं हिरवंच राहिलं, की वाद घालायला काही उरत नाही. (संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड लिप्टन यांनी विद्यार्थी असताना, १९७१ मध्ये, हीच कल्पना मांडली होती, आता म्युटेशन टेस्टिंगची टूल्स हा खोडसाळपणा आपोआप करतात.) पुष्कळदा असं निघतं की टेस्टमधलं अपेक्षित उत्तरही त्याच फंक्शनकडून काढून घेतलंय. परीक्षार्थ्यानंच आपला पेपर तपासावा, तसला प्रकार. हेच कमेंटमध्ये लिहिलं असतं तर टोमणा वाटला असता आणि उत्तर-प्रत्युत्तरात दिवस गेला असता. शेजारी बसल्यावर दोघंही हसतात आणि टेस्ट नव्यानं लिहायला घेतात.

टेस्टमधले आकडे न तपासणं किती महागात पडतं, ते पाहा: ४ जून १९९६ रोजी युरोपचं नवं एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत हवेतच फुटलं. त्यात आधीच्या एरियान-४ चं दिशादर्शनाचं सॉफ्टवेअर वापरलेलं होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्याचा आकडा १६ बिटांत मावला नाही. एरियान-५ च्या मार्गाचे आकडे देऊन ती यंत्रणा कधी तपासलीच नव्हती, हे चौकशीत उघड झालं. माणसं हुशार होती, रिव्ह्यूही झाले होते. 'टेस्टमधले आकडे कुठल्या रॉकेटचे?' एवढं मात्र कुणी रेटून विचारलं नाही.

तेव्हा रिव्ह्यूला बसाल तेव्हा टेस्टमधल्या आकड्यांबद्दल एक तरी प्रश्न विचारा, आणि जमलं तर लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून विचारा. अप्रूव्हचं बटण कुठं पळून जात नाही.