आजोबांची खोली

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही न्यू जर्सीत एक घर पसंत केलं. ते १९६२ साली बांधलेलं होतं. तळघरात मोठी खोली होती आणि तिचं दार मागच्या अंगणात उघडत होतं. आजोबा साताऱ्याहून कायमचे आमच्याकडे येणार होते. त्यांना जिना चढवत नाही. बाबा लगेच म्हणाले, "ही खोली आजोबांची!"

किंमत ठरली, करार झाला. मला वाटलं, आता सामान बांधायचं. आई म्हणाली, "थांब, अजून घराची परीक्षा आहे."

शनिवारी इन्स्पेक्टर आले. त्यांची फी घर विकत घेणारा देतो, म्हणजे आम्हीच दिली. तीन तास मी त्यांच्या मागे फिरले. त्यांनी शिडी लावून छप्पर पाहिलं, अ‍ॅटिकमध्ये ओल शोधली, फर्नेस आणि विजेचा बोर्ड तपासला, सगळे नळ सोडून पाहिले. सिंकजवळच्या प्लगवर एक बटण असतं. ते दाबलं की वीज बंद व्हायला हवी. एका ठिकाणी झाली नाही. यादी वाढतच गेली.

मी घाबरून विचारलं, "आमचं घर नापास झालं का?"

ते हसले. म्हणाले, "घर पास-नापास होत नाही. यादी प्रत्येक घराची निघते. मला दिसतं तेवढं मी सांगतो. भिंतीच्या आत मला दिसत नाही. घर १९७८ च्या आधीचं आहे, तेव्हा जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्याची वेगळी तपासणी करून घ्या."

जाताना त्यांनी तळघरात एक छोटं यंत्र ठेवलं. ४८ तास दारं-खिडक्या बंद ठेवायच्या होत्या. रेडॉन हा वायू जमिनीतून घरात येतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. आकडा ४ किंवा त्याहून जास्त असेल तर उपाय करावा, असं सरकार सांगतं. आमचा आला ७.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जिथे आजोबा झोपणार, तिथेच? नको हे घर." मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरनी फोनवर उपाय सांगितला. तळघराच्या जमिनीतून एक पाइप छपराच्या वर न्यायचा आणि त्याला पंखा बसवायचा. तो खालची हवा ओढून बाहेर टाकतो. घरमालकांनी ते काम करून दिलं. पुन्हा मोजलं तेव्हा आकडा दीड आला, आणि आम्ही घर घेतलं.

त्या पाइपवर एक वाकडी नळी आहे. तिच्यातल्या रंगीत द्रवाची पातळी दोन्ही बाजूंना वेगळी असली, तर पंखा चालू आहे. सारखी झाली, तर बंद पडला. आजोबा रोज सकाळी चहाआधी ती पाहतात आणि वर हाक मारतात, "चालू आहे गं!"

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणी तळघरात झोपत असेल, तर आईबाबांना आजच विचारा: रेडॉन मोजलाय का?

— मोठ्या गटातील एक विद्यार्थिनी