मोरपीस, गोंदण, व्हॅलिडिटी

१. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यांची फेररचना झाली आणि तालुका नांदेडला आला. गोंड, कोलाम, परधान यांची सोयरीक अजून सीमेच्या दोन्हीकडे होते.

२. दंडारी, म्हणजे गोंडांची नाचत फिरणारी मंडळी, आश्विन पौर्णिमेच्या सुमारास निघते, दिवाळीला संपते. तिच्यात घुसाडी नाचायला उतरलेल्या पोराच्या डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, अंगभर राख, खांद्यावर कातडं, कमरेला घुंगरं, हातात सोटा. संपेपर्यंत आंघोळ नाही. गावोगाव चालायचं, सोयऱ्यांच्या गावी मुक्काम, रात्रभर नाच. त्याच्या सोट्याचा स्पर्श झाला की दुखणं जातं, असं मानतात. एरवी ज्याला कुणीही काम सांगतं, त्याच्यापुढे या दिवसांत म्हातारी माणसं वाकतात.

३. या नाचासाठी आदिलाबादकडच्या मारलवाईचे कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले.

४. कुळाचे देव किती? चार, पाच, सहा, सात. देवांची संख्या सारखी असलेल्या घरांत लग्न होत नाही. गोंड घरातल्या वयात आलेल्या पोराला हे तोंडपाठ हवं.

५. गोंडांच्या मेश्राम कुळातली नवी सून पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबापुढे जाते. याला भेटिंग म्हणतात. त्याआधी ती कुळात धरली जात नाही. म्हणजे लग्न लागलं तरी एक पायरी उरते.

६. गोंदण. मेल्यावर तेवढंच सोबत येतं, असं जुन्या बाया सांगतात.

७. गोटुल, म्हणजे तरुण पोरापोरींचं सामुदायिक घर, इकडचं नव्हे. ते भामरागड, एटापल्लीकडच्या माडियांचं.

८. लातूर, शिकवण्यांचं शहर. खोलीत चार कॉट, भिंतीवर आवर्त सारणी, मधोमध ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेपर्यंत उरलेल्या दिवसांचा आकडा. अकरावी-बारावीची दोन वर्षं इथं काढायची. तालुक्यातून एक पोरगं इथं पोचलं तरी मला आनंद होतो. त्याच दोन वर्षांत दोन दंडाऱ्या येऊन जातात.

९. “व्हॅलिडिटी निघाली का?” बारावीच्या आदिवासी पोराला निकालाच्या आधी हा प्रश्न; व्हॅलिडिटी म्हणजे राखीव जागेवरच्या प्रवेशासाठी लागणारं जमात वैधता प्रमाणपत्र. माधुरी पाटील खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची रीत घालून दिली. कागदांनी खात्री पटली नाही तर चौकशी होते: कुलदैवत कोणतं, लग्न कसं लागतं, प्रेत पुरता की जाळता. खोटे दावे रोखायला पडताळणी हवीच. पण आश्रमशाळेत आणि वसतिगृहात वाढलेल्या पोराने हे पाहायचं कधी?

१०. मार्च २०२३. त्याच न्यायालयाने सांगितलं: रीतिरिवाजांची ही चौकशी, म्हणजे ॲफिनिटी टेस्ट, अंतिम कसोटी नव्हे; शिक्षण, स्थलांतर, शहराचा सहवास यांनी रीतिरिवाज सुटू शकतात. हे म्हटलं गेलं, फार बरं झालं.

११. सुटले तरी चालतील, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

१२. दंडारी भरात असते तेव्हा शाळेत प्रथम सत्र परीक्षा असते. किनवट-माहूरच्या आश्रमशाळांनी ती पंधरा दिवस अलीकडे घ्यावी. खर्च शून्य.