त्या बेटावर तिसरें कोण होतें?

‘द ब्ल्यू लगून’ हा १९८० सालचा अमेरिकन चित्रपट आम्हीं तरुणपणीं पाहिला आणि तो आम्हांस आवडला, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. जहाजास आग लागून एक मुलगा व एक मुलगी दक्षिण समुद्रांतील बेटावर येऊन पडतात. सोबतचा आचारी लौकरच मरतो, आणि तीं दोघें कोणाच्या शिकवणुकीवांचून वाढतात, प्रेमांत पडतात, आईबाप होतात. मूळ कादंबरी स्टॅकपूल यांची, १९०८ सालची. तिच्यावर १९२३ व १९४९ सालींही चित्रपट निघाले होते. नेस्तोर आल्मेन्द्रोस यांच्या छायाचित्रणांत फिजीचा समुद्र असा कांहीं उतरला आहे कीं, त्या पाण्याचें कौतुक आम्ही आजही मागें घेणार नाहीं.

आमची नात यंदां चौदा वर्षांची झाली. तिच्यासमवेत हा चित्रपट पाहण्याचा बेत आम्हीं हौसेनें केला आणि मोडला. कारण चित्रीकरणाच्या वेळीं नायिका ब्रूक शील्ड्स चौदाच वर्षांची होती! विवस्त्र प्रसंगांत तिच्याऐवजीं प्रौढ स्त्री उभी केली होती, एरवीं तिचे लांब केस अंगास चिकटविले होते, असा बचाव आहे. तो खराही आहे. परंतु ही बदली प्रेक्षकास कळूं नये म्हणून एवढी खटपट; मग त्याच्या मनश्चक्षूंपुढें अखेर उभी कोण होती?

समाज नसेल तेथें पापही नाहीं, असा कथेचा दावा. बेटावर दोघेंच आहेत, हें आम्हांस खरें वाटलें. वस्तुतः तेथें दिग्दर्शक रँडल क्लायझर होते, यंत्रें होतीं, मदतनीस होते, आणि तिकीट काढून आम्हीही होतों. (चित्रपटांत दिसणारी हिरवी इग्वाना जॉन गिबन्स या प्राणिशास्त्रज्ञास अनोळखी वाटली, आणि १९८१ सालीं ती नवी जात म्हणून नोंदली गेली. सारें जग नायिकेकडे पाहत असतां एक मनुष्य सरड्याकडे पाहत होता!)

२०२३ सालच्या माहितीपटांत शील्ड्सबाईंनीं सांगितलें कीं, त्या मंडळींस आपलें खरोखरीचें वयांत येणेंच विकावयाचें होतें. विकत घेणाऱ्यांत आम्ही होतों.

बेत कां मोडला, असें नातीनें विचारलें. “वाईट आहे का हो तो, आजोबा?”

“समुद्र फार सुंदर आहे,” आम्हीं म्हटलें.

तिला तें उत्तर पटलें नाहीं.