ज्याचं त्याचं मशीन

जहाजाच्या इंजिनरूममध्ये कोणाचं मशीन कुठलं हे ठरलेलं असतं. प्युरिफायर आणि हवेचे कॉम्प्रेसर फोर्थ इंजिनिअरचे, जनरेटर थर्डचे, मुख्य इंजिन सेकंडचं. चीफच्या नावावर एकही मशीन नसतं, पण जाब सगळ्यांचा त्यालाच द्यावा लागतो. माझी नोकरी याच क्रमाने झाली, आणि हा क्रमच आमचं खरं शिक्षण आहे असं मला वाटतं.

सांगलीच्या वालचंद कॉलेजात मी मेकॅनिकल शिकलो. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, त्या वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पदवीनंतर मेकॅनिकलवाल्यांसाठी असलेला वर्षभराचा मरीन कोर्स केला, सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, काढलं आणि जहाज मिळण्याची वाट पाहत बसलो. त्या काळात एका दलालाने जहाजावर चढवण्याचे पैसे मागितले. वडिलांनी दिले नाहीत, त्यांचे मी आजही उपकार मानतो. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे आणि भरती परवानाधारक कंपनीनेच करायची असते. गावाकडून कुणाचाही मुलगा विचारायला आला की मी सगळ्यात आधी हे सांगतो.

पहिल्या जहाजावर मी ‘पाच साब’, म्हणजे सगळ्यात धाकटा. बिल्ज साफ करायचे, टाक्यांची साउंडिंग घ्यायची, स्कॅव्हेंज स्पेसमध्ये शिरून काजळी खरवडायची. दापोलीकडचे एक फिटरकाका होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या बेअरिंगवर टेकवून मूठ कानाशी धरायला त्यांनी शिकवलं. ‘‘साब, मीटर नंतर बघा, आधी ऐका,’’ असं ते म्हणायचे. सुरुवातीला सगळे पंप सारखेच वाजायचे. हळूहळू कोरडं बेअरिंग वेगळं ऐकू यायला लागलं.

मग मुंबईला एमएमडीची, म्हणजे मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटची, क्लास फोरची परीक्षा. लेखीपेक्षा तोंडीची धास्ती मोठी. सर्व्हेअर समोर कागद सरकवतात आणि आकृती काढून सांगा म्हणतात. ज्याने ते मशीन खरोखर उघडलेलं असतं, त्याचं पेन थांबत नाही.

फोर्थ झाल्यावर प्युरिफायर माझ्या हातात आले. हेवी फ्युएल थंड असताना डांबरासारखं घट्ट असतं. ते ९८ अंशांपर्यंत तापवून प्युरिफायरमध्ये सोडायचं. आतला बाउल प्रचंड वेगाने फिरतो, पाणी आणि गाळ कडेला फेकला जातो आणि स्वच्छ तेल पुढे जातं. आतल्या पाण्याचं सील फुटलं की तेल थेट स्लज टँकमध्ये. बाउलच्या लॉक रिंगचे आटे उलटे असतात आणि डिस्कचा क्रम चुकवून चालत नाही. मी ते बाउल इतक्यांदा उघडले की झोपेतही जोडता आले असते. थर्ड झालो आणि जनरेटर आले. जनरेटर बसला की जहाज आंधळं होतं. इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांच्या आत सुरू व्हावा असा नियम आहे, आणि ज्याच्या मशीनमुळे वीज गेली त्याला ती ४५ सेकंदं फार लांब वाटतात.

पण जीव रमला तो सेकंड झाल्यावर, मुख्य इंजिनात. एका ऑगस्टमध्ये आम्ही फुजैराबाहेर नांगर टाकून उभे होतो. समुद्राचं पाणीच इतकं गरम की कूलर हतबल, आणि इंजिनरूमचा पारा ४५च्या वर. एका सिलिंडरचं डीकार्ब करायचं होतं, म्हणजे तो उघडून काजळी काढायची आणि झीज मोजायची. बंदराची परवानगी काढली, स्टार्टिंग एअर बंद केली, टर्निंग गिअर लावला, जॅकेटमधलं पाणी सोडलं. सिलिंडर हेडचे नट पान्याने सुटत नाहीत. हायड्रॉलिक जॅकने बोल्ट ताणायचा, दाब ९०० बारच्या घरात, मग नट हाताने फिरतो. तो दाब चढत असताना जॅकच्या समोर कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. हेड उचललं, मग काही टनांचा पिस्टन रॉडसकट क्रेनने वर निघाला.

लायनरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याचा, व्यास ७० सेंटिमीटर. शिडी सोडून मी आत उतरलो आणि मायक्रोमीटरने ठरलेल्या ठिकाणची मापं वर सांगत गेलो, फोर्थ ती लिहून घेत होता. झीज मर्यादेतच होती. पण वरच्या भागात बोट फिरवलं तर पृष्ठभाग अगदी गुळगुळीत लागला. टॉर्च मारला तर चकाकत होता. लायनर असा चकाकू नये. त्याला थोडा खडबडीतपणा हवा, नाहीतर तेल त्यावर टिकत नाही आणि रिंगा धातूवर घासायला लागतात. बडा साब, म्हणजे आमचे चीफ, स्वतः आत उतरले, बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘सिलिंडर ऑइल वाढव.’’ नव्या रिंगा घातल्या, पिस्टन खाली सोडला, पुढच्या पहाटे इंजिन एअरवर फिरवून पाहिलं आणि मग सुरू केलं. चार्टरवर असं काही दिसत नाही. मालाच्या मालकाला जहाज वेळेवर पोचलेलं तेवढं कळतं.

आता मी चीफ आहे. बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, घेताना नमुने सील करतो, ऑइल रेकॉर्ड बुकवर सही करतो, गंधकाचं प्रमाण तपासतो. १ जानेवारी २०२० पासून इंधनात ०.५० टक्क्यांपेक्षा जास्त गंधक चालत नाही, काही किनाऱ्यांजवळ तर ०.१० टक्केच. हे काम महत्त्वाचं आहे, तरी हात मशीनकडे ओढ घेतात. अधिकारी कमी पडतात म्हणून पोरांना भराभर बढत्या मिळतात, ते मला पटत नाही. फोर्थ म्हणून एकच काँट्रॅक्ट केलेला मुलगा थर्ड म्हणून येतो, तेव्हा बाउल उघडलाय का, हे मी आधी विचारतो. न उघडलेल्याला पुन्हा प्युरिफायरवर बसवतो. तो नाराज होतो. मला त्याची नाराजी चालते.

पुढचं जहाज मिथेनॉलवर चालणारं आहे. हे इंधन थंडच वापरायचं, त्यात गाळ नाही आणि प्युरिफायरची गरज नाही. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून चालणार नाही, डिटेक्टरवर विसंबावं लागेल. माझ्या थर्डने त्याचा कोर्स आधीच केलाय. संध्याकाळी तो आकृती काढून मला समजावतो. मी प्रश्न विचारतो, आणि त्याला उत्तर येत नसेल तर दोघं मिळून मॅन्युअल उघडतो. कालपासून आम्ही डबल-वॉल पाइपवर आलो आहोत.