‘कुंकू’ पुरा बघ

चि. सायलीस,



‘कुंकू’ वीस मिनिटांत बंद केलास, हे फोनवर इतक्या सहज सांगितलंस की रागवायचं राहूनच गेलं. ‘मावशी, फार सावकाश चालतो गं.’ चालतो खरा. प्रिंटवर सतत पाऊस पडतोय असं वाटतं, आणि काही पात्रं अजून नाटकातल्यासारखीच बोलतात, हेही कबूल.

पण काही चुकल्याचुकल्यासारखं वाटलं का? त्या सिनेमाला पार्श्वसंगीतच नाही! १९३७ साली, सगळीकडे गाण्याबजावण्याची हौस असताना, दिग्दर्शक शांतारामबापूंनी ते काढून टाकलं. गाणी आहेत, पण प्रसंगात जे आवाज असतील तेवढेच कानावर येतात. मामाने फसवून नीरेला म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलंय. एरवी अशा वेळी सारंगी रडायला लागते, म्हणजे आपणही रडायला मोकळे. इथे भिंतीवरचं जुनं घड्याळ टिकटिकत राहतं. काय वाटून घ्यायचं ते तुझं तू ठरव. तुला आलेला कंटाळा बहुधा कंटाळा नसावा, अवघडलेपण असावं.

शांता आपटेंची नीरा मुळूमुळू रडत बसत नाही. हे लग्नच तिला मान्य नाही आणि त्या घरात राहून ती ते पावलोपावली दाखवते. केशवराव दात्यांच्या काकासाहेबांचा, म्हणजे त्या म्हाताऱ्या वकिलाचा, आधी संताप येतो. पुढेपुढे कीव येते, आणि मग आपलाच राग येतो.

तुझ्या पणजीचं लग्न बिजवराशी झालं होतं, हे तुला कुणी सांगितलंय का? दूरदर्शनवर ‘कुंकू’ लागला तेव्हा ती पदर तोंडाशी धरून शेवटपर्यंत बसली होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, ‘पोरगी बोलली तरी.’ आणि कुकर लावायला उठली. मी तेव्हा कॉलेजात होते. विचारायचं सुचलं नाही.

शेवट मात्र मला अजून पटत नाही. नीरेची वाट मोकळी व्हायला म्हाताऱ्याने जीव द्यावा लागतो; तिचा नकार तेवढ्याला पुरत नाही. ना. ह. आपट्यांच्या मूळ कादंबरीचं नावच ‘न पटणारी गोष्ट’ आहे, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार? तुझ्याशी भांडायचंय यावर, म्हणून तरी पुरा बघ.

आणि हेडफोन लाव. मोबाइलच्या स्पीकरवर ते घड्याळ ऐकूच येत नाही.

तुझी,
मावशी